फळीला जायला वाट

टेबल तयार होऊन साडेचार महिने झाले होते. हवा कोरडी पडली होती, ओठ फुटायला लागले होते. एका रात्री शेजारच्या खोलीतून सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. उठून दिवा लावला, खिडकी बघितली, कपाट बघितलं, काहीच दिसलं नाही. सकाळी टेबलावर पुस्तक ठेवायला गेले तेव्हा उजव्या टोकाला भेग दिसली. टोकापासून वीतभर आत गेलेली, कडेला नख शिरेल एवढी रुंद. तिच्यावरून बोट फिरवलं आणि गळा दाटून आला. कारण ते टेबल आजीच्या पलंगाच्या लाकडाचं होतं.

पलंग सागवानी, साठ वर्षांपूर्वीचा. त्याची एक बाजू निखळली आणि तो ठेवायला जागाही उरली नाही, तेव्हा घरातल्यांनी तो काढून टाकायचं ठरवलं. मी फळ्या आणि पाय मागून घेतले. त्यातून ६०० बाय ४०० मिलीमीटरचं, ४५० मिलीमीटर उंचीचं छोटं टेबल करायचं मनात होतं. चार पाय, त्यांना वरच्या टोकाशी एकमेकांना जोडणाऱ्या चार आडपट्ट्या आणि चार फळ्या जोडून केलेला वरचा भाग, म्हणजे एकच मोठी फळी. दर रविवारी थोडं थोडं करत दोन महिने लागले. सगळं मापात आलं होतं, म्हणून ती भेग माझ्या डोक्यात बसेना. जुनं, मुरलेलं लाकूड हलत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

त्याच आठवड्यात दरवाजाच्या कामासाठी एक सुतारकाका घरी आले होते. त्यांना टेबल दाखवलं. त्यांनी भेगेकडे नुसतं पाहिलं, लगेच टेबल उलटं केलं आणि खालून बोट लावलं.

"ताई, आडपट्टीतून वर स्क्रू घट्ट मारलेत. फळीला जायला वाट कुठे ठेवलीत?"

"पण काका, लाकूड साठ वर्षांचं आहे. मुरलेलं."

"मुरलं म्हणजे झाडाची ओल गेली. हवेची ओल तर रोज येते-जाते ना?"

ते दरवाजाच्या कामाला लागले आणि मी उलट्या टेबलासमोर बसून राहिले. त्या दोन वाक्यांत माझी सगळी चूक होती.

लाकूड कितीही जुनं असो, आसपासच्या हवेतली ओल ते घेतं आणि सोडतं. दमट दिवसांत फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं. पण सगळीकडे सारखं नाही. फळीच्या लांबीत फरक जवळजवळ पडतच नाही. रुंदीत पडतो. ओल्या सागवानापासून ते पूर्ण कोरडं होईपर्यंतचा हिशोब केला तर झाडाच्या वलयांच्या दिशेने ते साधारण ६ टक्के आकसतं आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने साधारण अडीच टक्के. घरात ठेवलेलं लाकूड एवढा मोठा पल्ला गाठत नाही, पण दमट आणि कोरड्या दिवसांत त्याच्यातली ओल तीन-चार टक्क्यांनी वरखाली होणं अगदी नेहमीचं. ४०० मिलीमीटर रुंदीत याचा अर्थ होतो दोनेक मिलीमीटर. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरीही दोन मिलीमीटर. मी मात्र टेबलाच्या आखूड बाजूच्या आडपट्ट्यांतून, म्हणजे फळीच्या रुंदीच्या दिशेने, दोन्हीकडे तीन-तीन स्क्रू पिळून बसवले होते. आडपट्टी तिच्या लांबीत आकसत नाही, वरची फळी रुंदीत आकसू पाहते, आणि मधे स्क्रू दोघींना धरून बसलेले. फळी कुठेतरी तुटणारच होती. ती टोकाला तुटली, कारण टोकाकडून ओल सगळ्यात लवकर निघून जाते.

स्क्रू काढायला घेतले. पहिले दोन काढले, काही झालं नाही. तिसरा, चौथा. पाचवा सैल झाल्यावर फळीतून बारीकसा कुरकुर आवाज आला, आणि सहावा निघाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर भेगेच्या दोन्ही कडा जवळ आल्या. जिथे नख जात होतं तिथे कागदही जाईना. फळी उचलून पुन्हा जागेवर ठेवली तर तिची भोकं आणि आडपट्टीतली भोकं आता एकावर एक येत नव्हती, मिलीमीटरभर सरकली होती. फळी इतके दिवस कशी ओढून धरली गेली होती, ते त्या सरकलेल्या भोकांत दिसत होतं. मी बराच वेळ ते बघत बसले.

सांगाडा शाबूत होता, आणि त्याबद्दल मला मनापासून समाधान वाटलं, कारण सगळ्यात जास्त घाम तिथेच गाळला होता. पाय ४० मिलीमीटर जाडीचे, आडपट्ट्या २० मिलीमीटरच्या. सांधा कुसवाचा: आडपट्टीच्या टोकाला जाडीचा तिसरा हिस्सा ठेवून कुसू, म्हणजे खाचेत शिरणारी जीभ, काढायचं आणि पायात त्याच मापाची खाच. माझ्याकडे ६ मिलीमीटरची पटाशी होती, म्हणून खाच ६ मिलीमीटरची धरली आणि कुसू तिच्यावरून बेतलं. हा क्रम महत्त्वाचा. खाचेची रुंदी पटाशी ठरवते, कुसू मागाहून तासून बसवता येतं. उलटं केलं तर खाच पोखरत बसावं लागतं. एका पायात दोन बाजूंनी दोन खाचा येतात आणि त्या आत एकमेकींना भेटतात, म्हणून कुसवांची टोकं ४५ अंशांत कापली.

पहिल्या खाचेला दीड तास लागला. आठवीला वीस मिनिटं. या फरकातला अर्धा भाग सरावाचा आणि अर्धा धारेचा. पहिल्या दोन खाचा मी बोथट पटाशीने खणल्या, आणि बोथट पटाशी लाकूड कापत नाही, चिरडते. भिंती खडबडीत होतात आणि गोंद धरत नाहीत. मग धार लावायचा दगड घेऊन बसले. पटाशीची पाठ आधी सपाट घासली, मग उतार २५ अंशांवर घासला आणि शेवटचे दहा-बारा हात ३० अंशांवर मारले. कागदाचा तुकडा हातात लोंबता धरून त्यावर पटाशी टेकवली की तो आवाज न करता कापला गेला पाहिजे, तोवर उठायचं नाही. सुतारकाम शिकायचं असेल त्याने पहिला महिना फक्त धार लावावी असं मला आता वाटतं.

कुसू कसं बसावं याची एक कसोटी हाताला कळली. हाताच्या दाबाने ते आत गेलं पाहिजे, आणि पाय उचलून उलटा धरला तर आडपट्टी गळून पडता कामा नये. हातोडी लागत असेल तर गोंदाला जागाच उरत नाही आणि पाय उकलायची भीती असते. दोन कुसवं मी जास्त तासली होती. त्यांच्या गालांना त्याच सागवानाची पातळ सालपटं चिकटवून, सुकल्यावर पुन्हा तासून बसवली.

गोंद लावून आठही सांधे क्लॅम्पमध्ये धरले तेव्हा कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा ३ मिलीमीटर मोठा निघाला. चौकट काटकोनात नसली की दोन कर्ण सारखे येत नाहीत, त्यासाठी चार कोपऱ्यांत गुण्या लावत बसायची गरज नसते. क्लॅम्प थोडा तिरपा करून मोठ्या कर्णाच्या बाजूने ओढला, दोन्ही मापं जुळली आणि तसंच रात्रभर ठेवलं. पायांच्या तळच्या कडा किंचित तिरप्या तासल्या, टेबल ओढताना त्या उकलू नयेत म्हणून.

हे सगळं पहिल्या खेपेचं. आता प्रश्न फळीचा होता. आजीच्या लाकडातलं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून तीच फळी वाचवायची होती. भेग मिटली होती, जुळली नव्हती. त्यात गोंद भरून दाबायचा मोह झाला. पण भेगेच्या आत गोंद नीट पोचत नाही आणि आतल्या भिंती फाटलेल्या असतात, तिथला सांधा पुढच्या कोरड्या दिवसांत पुन्हा सुटला असता. म्हणून मन घट्ट करून भेगेच्या रेषेतच फळी शेवटपर्यंत करवतीने कापली. दोन तुकडे झाले. रुंदी पाच-सहा मिलीमीटरने कमी होणार होती, ते मान्य केलं.

कापलेल्या कडा सरळ करायची एक पद्धत फार सुंदर आहे. दोन्ही तुकडे पुस्तक मिटावं तसे एकमेकांवर मिटायचे, जोडायच्या कडा वर, आणि दोन्ही एकत्र धरून एकदमच रंधा मारायचा. रंधा थोडा तिरपा चालला तरी एका कडेचा कोन जितका चुकतो तितकाच दुसऱ्या कडेचा उलट्या बाजूने चुकतो. पुस्तक उघडलं की दोन्ही चुका एकमेकींना पुरतात आणि फळी सपाट जुळते. कडा एकमेकींवर उभ्या ठेवून पलीकडे दिवा लावला. दोन्ही टोकांना उजेड नाही, मधे केसाएवढी उजेडाची रेघ. ती मुद्दाम ठेवली. टोकं आधी सुकतात आणि आधी आकसतात, म्हणून टोकांवर दाब किंचित जास्त हवा; मधली ती रेघ क्लॅम्प ओढून मिटवतो.

कडेत एक खिळ्याचं मोडकं टोक होतं. पलंगाच्या लाकडात असे अनेक होते, आणि पहिल्या खेपेला एका खिळ्याने रंध्याच्या पात्याला खाच पाडली होती. ती काढायला दगडावर सबंध दुपार गेली. तेव्हापासून जुन्या फळीवर रंधा लावण्याआधी मी लोहचुंबक फिरवते.

सागवानात स्वतःचं तेल असतं आणि ते गोंदाला आडवं येतं. म्हणून रंधा मारल्यावर कडा स्पिरिटने पुसल्या, ते उडून जाऊ दिलं आणि लगेच गोंद लावला. हे काम दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही, तोवर तेल पुन्हा वर येतं. क्लॅम्प आवळताना सांध्याच्या रेषेवर गोंदाचे बारीक मणी एकसारखे उमटले की थांबायचं. आणखी आवळलं तर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसायची घाई पहिल्या खेपेला केली होती. तो पातळ होऊन लाकडाच्या छिद्रांत गेला आणि पॉलिश लावल्यावर तिथे फिकट डाग दिसले. या वेळी अर्धा तास वाट पाहिली. गोंद रबरासारखा झाला तेव्हा पटाशीने अलगद उचलला, लांबच्या लांब पट्टी निघून आली. पूर्ण ताकद यायला एक दिवस द्यावा लागतो, तो दिला.

वरचा भाग पुन्हा सपाट करताना जी गोष्ट वारंवार शिकावी लागली ती म्हणजे रेषांची दिशा. लाकडाचे तंतू फळीच्या पृष्ठभागाला अगदी समांतर नसतात. कुठे वर येतात, कुठे खाली जातात. गवतावरून पाऊल ओढलं तर एका बाजूने ते लोळतं आणि उलट बाजूने उभं राहतं, तसंच आहे. तंतू ज्या बाजूला वर चढत जातात त्या बाजूला रंधा ढकलला तर लांब, पातळ, अर्धपारदर्शक सालपटं निघतात आणि खालचं लाकूड काचेसारखं राहतं. उलट ढकलला तर पातं तंतूंच्या खाली घुसतं आणि लाकूड उपटतं. फळीच्या कडेवर पाहिलं की तंतू कुठे चढतात ते दिसतं. माझ्या चार फळ्यांपैकी एकीची दिशा बाकीच्या तिघींच्या उलट होती. पहिल्या खेपेला जोडताना ते पाहिलंच नव्हतं. तिच्यासाठी पातं नव्याने धारदार केलं, अगदी केसभर बाहेर काढलं आणि रंधा तिरपा धरून मारला. एका गाठीपाशी तरीही थोडं उपटलं. तिथे नुसता सँडपेपर चालवला.

सँडपेपर १२०, १८०, २२० अशा क्रमाने, नेहमी रेषांच्या दिशेने. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे काढतो, म्हणून मधला टाळता येत नाही. शेवटच्या आधी फळी ओल्या फडक्याने पुसली. सुकल्यावर तंतू उभे राहून पृष्ठभाग खरखरीत झाला, तो २२०ने हलकेच उतरवला. हे केलं नाही तर पॉलिशचा पहिला हातच ते तंतू उभे करतो.

आता ती वाट. आडपट्ट्यांच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेपासून १० मिलीमीटर खाली, पटाशीने लांबट खाचा केल्या. मग सागवानाच्याच तुकड्यांतून आठ छोटे ठोकळे केले, प्रत्येकाला एका बाजूला जीभ. जीभ खाचेत जाते आणि ठोकळा स्क्रूने फळीला खालून धरला जातो. जीभ आणि ठोकळ्याची वरची बाजू यांतलं अंतर ९ मिलीमीटरपेक्षा किंचित जास्त ठेवलं, म्हणजे स्क्रू आवळला की जीभ खाचेच्या वरच्या भिंतीला ओढून धरते आणि फळी सांगाड्यावर घट्ट बसते. पण बाजूला सरकायला ती मोकळी. आखूड आडपट्टीवर खाच ठोकळ्यापेक्षा रुंद, म्हणजे ठोकळा तिच्यात मागेपुढे जाऊ शकतो. लांब आडपट्टीवर ठोकळ्याचा खांदा आणि आडपट्टी यांच्यात ३ मिलीमीटरची फट. दोन्ही आखूड आडपट्ट्यांच्या बरोबर मध्यभागी मात्र एकेक स्क्रू सरळ फळीत मारला. त्यामुळे फळीचा मध्य जागेवर राहतो आणि जे काय फुगणं-आकसणं आहे ते दोन्ही बाजूंना अर्धंअर्धं वाटलं जातं. हे ठोकळे करायला एक संध्याकाळ लागली. पहिल्या खेपेला सहा स्क्रू मारायला दहा मिनिटं लागली होती.

पॉलिशसाठी लाख निवडली. लाखेच्या किड्याने झाडाच्या फांद्यांवर सोडलेली राळ. ती शुद्ध करून तिच्या पातळ पापड्या होतात आणि त्या स्पिरिटमध्ये विरघळतात. २०० मिलीलीटर स्पिरिटला ४० ग्रॅम पापड्या, काचेच्या बरणीत रात्रभर. द्रावण ताजंच हवं; बरेच महिने ठेवलेलं पुढे कधी नीट सुकत नाही, चिकट राहतं. कापसाचा बोळा धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून, त्यावर द्रावण घेऊन रेषांच्या दिशेने एक हात, थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही. खिडक्या उघड्या आणि जवळपास ज्योत नाही, कारण स्पिरिटची वाफ पेट घेते.

दोन हात छान बसले. तिसरा हात लावला त्या दिवशी हवा जड होती. दहा मिनिटांत फळीवर पांढुरकं धुकं उतरलं. जणू लाकडावर कोणी उसासा टाकला होता. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी तिथे धरलं जातं आणि लाख दुधाळ होते. पुसून टाकायला निघाले होते, हात आवरला. दोन दिवसांनी हवा सुटली तेव्हा बोळ्यावर नुसतं स्पिरिट अगदी थोडं घेऊन, जवळजवळ कोरड्या बोळ्याने वरून फिरवलं. वरची लाख क्षणभर मऊ झाली, पाणी निघून गेलं आणि धुक्याखालून सागवानाचा तो तपकिरी-सोनेरी रंग परत आला. त्यानंतर एकूण आठ हात दिले, दर दोन हातांनंतर ४०० नंबरने हलकं घासून, आणि शेवटी मेणाचा एक पातळ थर.

फळीच्या खालच्या बाजूलाही तितकेच हात दिले. पहिल्या टेबलाला ते केलं नव्हतं. कुठलंही पॉलिश ओल पूर्ण थांबवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतं. एका बाजूने वेग कमी आणि दुसरी बाजू उघडी असली की फळी वाटीसारखी वाकते. लाखेची एक मर्यादा आहे आणि ती ठाऊक असावी: गरम भांडं ठेवलं की पांढरं वर्तुळ उठतं आणि स्पिरिट सांडलं तर ती विरघळते. स्वयंपाकघरातल्या टेबलाला मी दुसरं काही लावलं असतं. पण लाखेवर ओरखडा पडला तर त्यावर पुन्हा लाख लावता येते, नवा थर जुन्यात विरघळून एक होतो. मला हे टेबल पुढची अनेक वर्षं दुरुस्त करत राहायचं आहे.

फळी बसवली त्या दिवशी हवा कोरडी होती. टेबल उलटं ठेवून दोन्ही लांब आडपट्ट्यांच्या बाहेरच्या कडेला लागून फळीच्या पाठीवर टोकदार पेन्सिलीने एकेक रेघ ओढली आणि बाजूला तारीख लिहिली. दमट दिवस आले तेव्हा टेबलाखाली आडवी झाले आणि टॉर्च लावला. रेघ आडपट्टीपासून एक मिलीमीटर बाहेर सरकली होती. पलीकडच्या बाजूची रेघही तेवढीच. ठोकळ्यांच्या जिभा आपापल्या खाचांत थोड्या आत-बाहेर झाल्या होत्या, एका जिभेवर घासल्याची चकचकीत खूण होती. नंतर हवा पुन्हा कोरडी पडली, ओठ पुन्हा फुटले, आणि मी पुन्हा खाली वाकले. दोन्ही रेघा आडपट्टीच्या कडेला येऊन टेकल्या होत्या. जोडलेल्या सांध्यावर बोट फिरवलं. कुठे काही लागलं नाही.